कमलाबाईंची आवळलेली मूठ

सोमवार, संध्याकाळ. बालाघाट.

उद्या कलेक्टर ऑफिसात लोकांच्या तक्रारी ऐकायची जनसुनवाई, म्हणून आज हट्ट्याजवळच्या गावात हातपंपांच्या अर्जासाठी गेले होते. दोन वर्षं तिथल्या बायांना एकच सांगत आलेय, वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. आणि आज बस चुकेल म्हणून मीच कोरा कागद पुढे केला! अर्ज घरी लिहीन म्हटलं. सगळ्यांनी अंगठे दिले. कमलाबाईंनी मात्र मूठ आवळली, अंगठा आत.

"काहून वो?" मी विचारलं.

"कागज कोरा हाय. तूच त सांगतलं होतं, पहिले वाचून घ्या म्हणून."

राग आला, खोटं कशाला लिहू. मग लाज वाटली. कागद फाडला, तिथंच अर्ज लिहिला, मोठ्यानं वाचला. तेव्हा कळलं, खालच्या टोल्याचा, गावाखालच्या त्या वस्तीचा, बंद पंप मी विसरलेच होते. त्या टोल्यातल्या बाया तर मघाशीच अंगठे देऊन बसल्या होत्या. घरी लिहिला असता तर?

पंप लिहिला. मग कुठं ती मूठ उघडली, बाकीच्यांनीही पुन्हा अंगठे दिले. शेवटी मी सहीसाठी पेन उचललं, तर कमलाबाई म्हणाल्या, "तू बी वाच पहिले."

वाचला. बस गेली. कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आले, वाटभर त्या मुठीचे उपकार मानत.