भोंगा वाजवायचा नाही

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार

आजपासून आमच्या कंपनीत बंदुकीची शिकवणी! गेल्या महिन्यात पलीकडच्या कंपनीच्या गेटवर युनियनच्या भांडणात गोळीबार झाला. तीन माणसं गेली. तेव्हापासून आमच्या साहेबांची झोप उडालीय, म्हणून त्यांनी एक रिटायर सुभेदार आणलेत. रावसाहेब नाव, साताऱ्याकडचे, मिशा भरघोस, हसणं मोजून.

पहिले माझ्याच खोलीत आले. टेलिफोनचा बोर्ड बघितला, खिडकी बघितली, गेटपर्यंतची पावलं मोजली. "ऑपरेटरबाई, बंदूकवाला आला तर काय कराल?" मी म्हटलं, भोंगा वाजवीन. "म्हणजे सगळी कंपनी धावत पुढच्या गेटला. तिथंच तो उभा. ताट वाढून दिलंत की त्याला!"

चार वर्षं या बोर्डावर बसतेय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. आगीला भोंगा. बंदुकीला भोंगा वाजवायचा नाही. मी स्पीकरवर दोनदा बोलायचं — "पोपटराव, मागच्या गोडाऊनला या." कंपनीत पोपट कोणीच नाही, म्हणून हे नाव. ते ऐकलं की मशीन बंद आणि मागच्या फाटकानं बाहेर. जमलं नाही तर आहात तिथं दार लावून गप्प बसायचं. मी मात्र बोलून, पोलिसांना फोन लावून, मगच निघायचं. सगळ्यांच्या शेवटी.

अख्खी कंपनी माझ्या आवाजावर पळणार! जेवताना सांगितलं तर आई म्हणते, "घरात तरी कोन ऐकतंय तुजं?" मी हसले, आई हसली. आम्ही हसलो म्हणून अप्पाही हसले.

अप्पांना ऐकू येत नाही. बावीस वर्षं पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसवर गेली, कान गेले. प्रेस शॉपमध्ये त्या दणदणाटात सगळे हातांनीच बोलतात, म्हणून निभावतंय. कंपनीच्या डॉक्टरला कळलं तर अनफिटचा कागद हातात देतील. म्हणून आम्ही तिघं सोडून कोणाला माहीत नाही. आणि आता सगळ्यांचा जीव वाचवायचा तो माझ्या आवाजानं, नेमका जो अप्पांना ऐकू येत नाही!

१५ फेब्रुवारी, बुधवार

पहिली कवायत, न सांगता घेतलेली. काय फजिती!

मी स्पीकरवर दोनदा बोलले. मशीन बंद झाल्या, माणसं पळाली — आणि सगळी जाऊन उभी राहिली पंचिंग मशीनपुढे रांगेत! कार्ड पंच न करता बाहेर पडलं की अर्धा दिवस गैरहजर मांडतात, सवयच तशी. रावसाहेब लाकडी बंदूक घेऊन रांगेच्या टोकाला. खडूनं एकेकाच्या पाठीवर फुली. "मेलास. पुढचा! मेलास. पुढचा!" प्रेस शॉपचा दत्तू म्हणाला, "सुभेदार, एक मिनिट. कार्ड घालतो नि मरतो." हसून हसून पुरेवाट.

अप्पा रांगेत नव्हते. वाटलं, सुटले.

घरी आले तर शर्टाच्या पाठीवर फुली! त्यांना पत्ताच नाही. "समदे आज लवकर चहाला गेलते. म्या एकट्यानंच काम उरकलं," म्हणाले, खूश होऊन. आईनं शर्ट काढून समोर धरला. मी हातवारे करून सगळं समजावलं. अप्पांनी त्या फुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अन् तू कवा निघायचीस?" मी सांगितलं, शेवटी. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

१६ फेब्रुवारी

सांगावं तर अप्पांची नोकरी जाते. न सांगावं तर अप्पाच.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

रावसाहेब खोलीत आले. "प्रेस शॉपचे गंगाराम तुमचे कोण?" वडील, म्हटलं. "मागून गेलो. पाठीवर फुली काढली. मान वळली नाही त्यांची." मी म्हटलं, फार मन लावून काम करतात.

"हं," म्हणाले आणि गेले. आता संपलं सगळं.

२ मार्च, शुक्रवार

संपलं नाही! संपलं नाही!

कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा करून रावसाहेब म्हणाले, "आवाजावर भिस्त ठेवायची नाही. गोळी जवळून सुटली की भल्याभल्यांचे कान बधीर होतात. मी बघितलंय. म्हणून आजपासून प्रत्येकानं एका माणसाला आणायचं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याला घेऊनच बाहेर पडायचं. एकटे दिसलात की फुली!" कोणी कोणाला आणायचं त्याच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. दत्तूनं त्याची चिठ्ठी मला दाखवली. त्यात अप्पांचं नाव! मला चिठ्ठी नाही. माझं काम बोलण्याचं.

आणि पोपटराव ऐकलं की पंचिंग करायचं नाही, पगार कापणार नाही, असं साहेबांकडून लिहून घेतलंय.

अप्पांबद्दल अवाक्षर नाही. एका माणसाची लाज राखायला या गृहस्थानं अख्ख्या कंपनीची कवायत बदलली. त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत. चहा पाठवला, आलं घालून.

१२ मार्च, सोमवार

दुसरी कवायत. तीन मिनिटांच्या आत कंपनी रिकामी! फुली एकच, ती साहेबांच्या पाठीवर. बॅग घ्यायला परत गेले होते.

पण अप्पा! दत्तूनं खांद्यावर हात ठेवला, दत्तू नीट मागे गेला, आणि अप्पा सगळ्यांच्या उलट पुढे आले. थेट माझ्या खोलीत! खूप लाज वाटली. "अप्पा, इकडं नाही, मागं! मागं!" म्हणून हातानं हाकललंच मी त्यांना. दारातच उभे राहिले, हसत. खिडकीबाहेर रावसाहेब होते, त्यांनी बघितलं, पण बोलले नाहीत आणि अप्पांना काय, एकट्या गेलेल्या दत्तूलाही फुली काढली नाही. किती सांभाळून घेतात!

रात्री अप्पांना कागदावर नकाशा काढून दाखवला. मान डोलावली त्यांनी.

२६ मार्च, सोमवार

आज खरंच झालं.

सकाळी दहाच्या सुमारास दोघं गेटवर आले. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीला हाका मारत होते. एकाच्या हातात पिस्तूल. वॉचमन कान्हाच्या केबिनची काच फुटली, तो आवाज मी ऐकला. स्पीकर लावला. "पोपटराव, मागच्या गोडाऊनला या." दोनदा. पोलिसांना फोन लावला, पत्ता नीट सांगितला. आणि मग उठताच येईना. समोर गेट, तो माणूस आत येताना दिसतोय, आणि मी खुर्चीवर तशीच.

खांद्यावर हात पडला. अप्पा!

दंडाला धरून उठवलं. भिंतीच्या कडेनं निघालो. मागे गोळी सुटली, मी मटकन खाली बसले. अप्पा दचकलेसुद्धा नाहीत, तसंच ओढत नेलं. मागच्या फाटकाबाहेर सगळी कंपनी उभी, प्रत्येकाचा हात कोणाच्या तरी खांद्यावर. पोलीस आले, दोघं पकडले गेले. आपल्या एकाही माणसाला गोळी लागली नाही. एकालाही नाही!

कान्हाच्या हाताला काच लागलीय. म्हणाला, "बाय, तुजा आवाज आयकला नि टेबलाखाली शिरलो. नायतर माजा काय खरा नव्हता." मला कसले आभार! रावसाहेबांचे मान. दत्तूचे मान. अप्पा वाट चुकून माझ्याकडे आले त्या चुकीचेसुद्धा मी आज आभार मानले.

३१ मार्च, शनिवार

रावसाहेबांचं काम झालं, उद्या गावी जाणार. साहेबांना द्यायला त्यांची वही टाइप करायला माझ्याकडे आली. "एक पान टाइप करू नका, नुसतं वाचा," म्हणाले.

"१८ फेब्रुवारी. गंगाराम, प्रेस शॉप, सकाळी स्वतः येऊन भेटले. कान गेल्याचे सांगितले. नोकरी गेली तरी चालेल म्हणाले. ऑपरेटरबाईला आणण्याचे काम मागून घेतले."