एका फुंकणीच्या दोघी

हुपरी,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय मोनास,

शिवलीलाचा नमस्कार. नेसरीला तुम्ही सगळी खुशाल असाल असं धरून चालते. इकडं आम्ही बरे आहोत. ऊसतोड सुरू झालीय, गुऱ्हाळं पेटलीत, आणि दुपार कलली की गल्लीत गुळाचा वास असा काही तरंगतो की हातातलं काम तसंच राहतं आणि डोळे मिटायला लागतात.

अक्षर ओळखलंस का? अकरा वर्षांनी बघतेयस. फाडायचं असेल तर फाड बाई, पण आधी वाच. तुझ्या आईकडं, आपल्या आक्काकडं, तुझा फोन नंबर मागायला गेले, तर दारातच म्हणाली, "नंबर देणार न्हाई. पत्ता देते. लिवायचं ते लिव, तिला वाटलं तर वाचंल." एका अर्थी बरंच झालं. तोंडानं बोलायचं म्हटलं की माझा हात अजून आपोआप पदराकडं जातो.

तर बातमी अशी, की मी काल कोल्हापूरला जाऊन आले, दाताच्या डॉक्टरकडं. खालची दाढ हलायला लागली होती, भाकरीचा तुकडा मोडला तरी रक्त यायचं. राजारामपुरीत एक डॉक्टरीण आहे, तेजस्वी नावाची, आपल्यापेक्षाही लहान. रविवारीसुद्धा बघते म्हणाले म्हणून गेलते. खुर्चीत मागं झोपवलं आणि म्हणाली, "आ करा." मोना, अकरा वर्षांत मी कुणापुढं आ केला नव्हता गं. डोळ्यांतनं पाणीच यायला लागलं. तिला वाटलं दुखतंय.

"ताई, मिश्री किती वर्षं लावताय?" तिनं विचारलं. म्हटलं, बारा वर्षांची होते तेव्हापासून, दिवसातनं तीनदा. दात स्वच्छ राहतात म्हणून. ती म्हणाली, "तंबाखू जाळून लावताय, त्यानं दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या तेवढ्या जळतात." मग तिनं आरसा धरून सगळं दाखवलं. दातांच्या मुळाशी दगडासारखं घट्ट कीटण. त्याच्याखाली हिरडी सुटून झालेले खिसे, त्यात अडकून कुजणारं अन्न. जिभेवर पांढरट थर. "वास येतो तो इथनं," म्हणाली.

मी म्हटलं, वास पोटातनं येतो ना? ती हसली. म्हणाली, सगळ्यांना तसंच वाटतं, पण बहुतेकांचा तोंडातनंच येतो. मी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं पोट साफ व्हावं म्हणून मी किती एरंडेल प्याले असेन, किती त्रिफळा खाल्ला असेन! लवंग आणि वेलदोडा तर गालात कायमचा. वर दिवसभर कामाच्या नादात पाण्याचा घोटसुद्धा नाही. तोंड कोरडं पडलं की वास आणखी वाढतो, हेही काल कळलं. माझा वास मला कधी येतच नव्हता. मनगट चाटून, वाळवून हुंगायचे, तरी धड काही समजायचं नाही. आपल्या घराचा वास आपल्याला कुठं येतो!

आणि घरात सांगणार कोण? ह्यांचं नाक तेजाबात चांदी धुऊन धुऊन कधीच मेलंय. भात करपला तरी ह्यांना पत्ता नसतो. सासूबाईंचं तर विचारूच नकोस. मी सदा पदर तोंडावर धरून बोलते, हसले तरी मान फिरवून हसते. बसव्वा म्हातारी गावभर सांगत सुटली, "आमची सून बघा, काय मर्यादा! काय वळण!" माझ्या लाजेचं तिनं कौतुक करून टाकलं, आणि मी ते मुकाट्यानं घेतलं.

सुई देऊन तिनं अर्ध्या बाजूचं कीटण काढलं. बाहेर पडले तेव्हा निम्मं तोंड माझं नव्हतंच. ओठ आहे की नाही ते बोट लावून बघत होते. तशीच चालत रंकाळ्यावर गेले. का गेले, माहीत नाही. पाण्यावर धुकं धरल्यासारखं ऊन पडलं होतं, माणसं चालत होती पण पावलांचा आवाज येत नव्हता. कट्ट्यावर बसले आणि जागेपणीच स्वप्न पडल्यासारखं झालं. चिमणाबाईंच्या चांदीच्या कारखान्यातली आपली बैठक पाण्यावर मांडलेली. मध्ये दिवा. तू पैंजणाची कडी चिमट्यात धरलीयस, मी तोंडातल्या फुंकणीनं ज्योत वळवून सांध्याला डाग देतेय, चांदी वितळून चमकते आणि तू म्हणतेस, "बस्स की शिवे, जळंल!" मग फुंकणी तुझ्या हातात, तुझ्याकडनं माझ्या हातात. मी मोठ्यांदा हसतेय, तोंड उघडं टाकून. पदर कुठंय ते मला आठवतसुद्धा नाही.

तुला आठवतं ना, चिमणाबाई दोघींत एकच फुंकणी द्यायच्या? नव्या पोरीला आधी विचारायच्या, कुणाचं उष्टं चालंल तुला? तिनं नाव घेतलं की त्या दोघी एका फुंकणीच्या. लग्न होऊन गेल्या तरी गल्लीत तसंच म्हणायचे, अमकी तमकीच्या फुंकणीची. तू आलीस तेव्हा बाराजणी सोडून माझं नाव घेतलं होतंस. मला त्या दिवशी केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

आणि मग ती सकाळ. तू स्वतःची फुंकणी घेऊन आलीस. सगळ्या बघतच राहिल्या. मला वाटलं, बापाचा ट्रॅक्टर, बारावीपर्यंतचं शिक्षण, त्याचा तोरा आला हिला. मी बोलले ते बोलले. तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. का दिलं नाहीस, ते मला काल त्या खुर्चीत पडल्या पडल्या कळलं. माझ्या तोंडाच्या वासामुळं तू फुंकणी आणली होतीस, आणि चारचौघींत मला खाली बघावं लागू नये म्हणून गप्प राहिलीस. मला तेव्हा कळलं नाही गं. माफ कर.

मिश्रीचा डबा मी उकिरड्यावर टाकलाय. सकाळ-संध्याकाळ ब्रश, जीभ घासणं, जेवल्यावर चूळ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सगळं कालपासनं सुरू केलंय. आज कामावर तांब्या शेजारी घेऊन बसले. चार दिवस मिश्रीवाचून डोकं ठणकेल म्हणाली डॉक्टरीण, ते ठणकतंय.

घरच्या मोठ्यांना नमस्कार, मुलांना पापा. उत्तर आलं तर आनंदच होईल.

तुझी एका वेळची मैत्रीण,
शिवलीला

---

हुपरी,
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

मोना,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी अंगणात होते. एकच ओळ. "शिवे, आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर काय झालं, ते लिहायचं राहिलं की."

मी तिथंच पायरीवर बसले. उन्हात धुराची एक पट्टी सरकत होती, तिच्याकडं बघत राहिले. पत्र लिहिताना मी त्या पुलापाशी पोचले होते मोना. दोनदा पोचले आणि दोन्ही वेळा वळसा घालून पुढं गेले. मला वाटलं, तू विसरली असशील. खोटं कशाला बोलू, तू विसरली असावीस अशी मी देवाकडं मागणी केली होती.

तर लिहिते.

कामावरनं सुटून आपण दोघी येत होतो. पुलावर तू मला थांबवलंस. माझा हात हातात घेतलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "शिवे, रागवू नको. तुझ्या तोंडाला वास येतोय. हिरड्या बघ कशा सुजल्यात. ती मिश्री सोड. रविवारी माझ्यासंगं कोल्हापूरला चल, दाताच्या डॉक्टरला दाखवू. घरी काय सांगायचं ते मी बघते." आणि पुढं म्हणालीस, "तवर मी माझी फुंकणी आणते. बायकांनी विचारलं तर सांगू, मोनाला सर्दी झालीय."

म्हणजे फुंकणी का येणार, हे मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. तू खोटंसुद्धा स्वतःच्या अंगावर घेऊन ठेवलं होतंस. मी तेव्हा मान हलवली. तुझ्या खांद्यावर डोकंही ठेवलं.

घरी गेले आणि मला भीती वाटायला लागली. आठ दिवसांनी ह्यांच्याकडची माणसं सुपारी फोडायला येणार होती. एक बोलली की दुसरीला कळणार, दुसरीनं ह्यांच्या घरी सांगितलं की संपलं. पोरीच्या तोंडाला वास येतो म्हटल्यावर कोण करून घेणार? डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तू आलीस, फुंकणी काढलीस, आणि चिमणाबाईंनी विचारलं, "का गं, आज येगळी?" तू म्हणालीस, "सर्दी झालीया, काकी." तेवढ्यात कुणीतरी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं गं. आणि माझ्या तोंडातनं निघालं, "कसली सर्दी? आमचं उष्टं चालत न्हाई बाईसाहेबास्नी. ट्रॅक्टरवाल्याची लेक हाय की!"

तू माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मला स्वप्नात येतं. स्वप्नात दर खेपेला तू आता बोलशील, आता बोलशील असं वाटतं, दिव्याची ज्योत वाकडी होऊन थांबते, आणि तू काही बोलत नाहीस. एक शब्द पुरला असता तुला. खरा होता, तुझ्या जिभेवर होता. तू तो गिळलास, फुंकणी पिशवीत घातलीस आणि उठून गेलीस.

मग जे झालं ते तू भोगलंस. बाईसाहेब म्हणून हाका, हळदीकुंकवाला बोलावणं नाही, नळावर तू आलीस की बायका घागरी उचलायच्या. चिमणाबाईंनी तुझं काम बंद केलं. तुझ्याबरोबर आक्कालाही वाळीत टाकल्यासारखं केलं. मी सगळं बघत होते. माझी सुपारी फुटली, लग्न झालं, तुझं नेसरीला झालं, आणि त्यानंतर तू ह्या गल्लीत पाय ठेवला नाहीस. दिवाळीला सगळ्यांच्या लेकी येतात. आक्काच तेवढी पिशवी भरून नेसरीची एसटी धरते. मी खिडकीतनं बघते आणि आत होते.

कार्ड आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. चहाची वेळ होती, सगळ्या गोल करून बसल्या होत्या. मी पदर कमरेला खोचला आणि उभी राहिले. म्हटलं, मला काही सांगायचंय. पुलावरचं सांगितलं, सर्दीचं सांगितलं, माझ्या तोंडाचं सांगितलं. बायकांचे कप हातात तसेच राहिले. चिमणाबाई आता थकल्यात, ऐकायला कमी येतं, तरी त्यांना सगळं ऐकू गेलं. म्हणाल्या, "वास आम्हास्नी बी येत हुता की गं. सगळ्यास्नी ठावं हुतं. पर तुझं लगीन ठरलेलं, कोण बोलणार? आणि त्या पोरीला बोलाय मातर आम्ही सगळ्या पुढं." मग डोळ्याला पदर लावून बसल्या. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

तिथनं उठून आक्काकडं गेले. ती मेथी निवडत होती. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बस म्हणाली नाही. आक्का मेथी निवडतच राहिली. शेवटची काडी टाकली आणि म्हणाली, "मला वाटलं, माझ्या पोरीचंच चुकलं आसंल. मी बी तिला दोन शब्द बोलले हुते, त्या येळी." एवढंच. मग आत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराबाहेर उभी राहून रडले. तुझ्या आईनंसुद्धा तुला खोटं धरावं, एवढं माझं बोलणं लांब पोचलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

काल डॉक्टरिणीकडं दुसरी खेप झाली. म्हणाली, हिरड्या सुधारतायत, वास जवळजवळ गेला. मी हो म्हटलं. आनंद झाला असं सांगायला हवं, पण येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले, बाहेर ऊस हलत होता, आणि मला सारखं वाटत होतं की अकरा वर्षांपूर्वी तुझ्याबरोबर रविवारी गेले असते तर एवढंच काम होतं. दोन खेपा आणि एक ब्रश.

आता शेवटचं. ये म्हणायचा हक्क मला नाही, आणि तू मला माफ करावंस असंही मी ह्या पत्रात मागत नाही. मागच्या वेळी मागितलं, ते खोट्याच्या आडून. पण आक्काचे गुडघे गेलेत. यंदा ती नेसरीला आली ती शेवटचीच, पुढच्या दिवाळीला तिच्यानं एसटी चढवायची नाही. तू तिच्याकडं ये. गल्लीत आता प्रत्येकीला खरं ठाऊक आहे, तुला कुणाकडं बघून मान खाली घालावी लागणार नाही. चिमणाबाई तर दारात उभ्या राहतील म्हणाल्यात.

आणि मी समोर येईन ह्या भीतीनं थांबू नकोस. माझी नणंद वारणानगरला असते. तू येणार कळलं की मी तिच्याकडं जाईन आणि तू परत जाईपर्यंत तिथंच राहीन. ह्यांना सांगून ठेवलंय, का ते पण सांगितलंय. चार दिवस राहा, महिनाभर राहा. दिवस तेवढा आक्काला कळव, मला कळवू नकोस.

तुझं माहेर तोडलेली,
शिवलीला