रविवारचे चार अंश

३ मार्च, सोमवार

टोपीवाल्याचं रक्त आज दुसऱ्यांदा घेतलं. तीन वर्षांचा आहे. विणलेली टोपी काढू देत नाही, दंड मात्र मुकाट पुढे करतो! जन्मापासून त्याची दोन्ही वृषणं खाली उतरलेली नाहीत, हातालाही लागत नाहीत. पोटात अडकलीत की मुळात नाहीतच, हे रक्तावरून ठरवायचं. गुरुवारी रक्त घेतलं, मग इंजेक्शन दिलं. आत वृषण असेल तर ते त्या औषधानं जागं होतं आणि चार दिवसांत पुरुषी हार्मोनचा आकडा चढतो.

चढला नाही. गुरुवारी जवळपास शून्य. आजही तेच.

त्याची आई दारातच उभी होती. "ताई, आहे ना हो आत काहीतरी?"

"मॅडम सांगतील," म्हणाले आणि नळ्या लावत बसले. नळ्या आधीच लावलेल्या होत्या.

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर मॅडम अहवाल वाचून म्हणाल्या, "नाहीतच. उगाच पोट कशाला उघडायचं? शुक्रवारी आईवडिलांना सांगून टाकते."

नसतील तर प्रश्न मिटला. पण असतील आणि तशीच आत राहिली तर? पुढे मूल होणं कठीण, मोठेपणी तिथेच कॅन्सरची भीती. आणि शोधायला कुणी जाणार नाही, कारण कागदावर "वाढ नाही" असं लिहिलेलं. मी लिहिलेलं.

महिन्याभरातला हा चौथा. इतके? ही गोष्ट तर दुर्मीळ म्हणून शिकले होते.

पेन्शनकाकांना विचारलं. (लॅबमधले आमचे वरिष्ठ. निवृत्तीला अकरा महिने उरलेत, रोज मोजतात.) म्हणाले, "आकडा आला तरी तुला शंका, नाही आला तरी शंका! तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही बघ."

५ मार्च, बुधवार

यंत्र दोनदा तपासलं. ठीक आहे. डबा तसाच परत आणला, आईची बोलणी खाल्ली.

६ मार्च, गुरुवार

काका जेवायला गेल्यावर टोपीवाल्याच्या उरलेल्या रक्तावर दुसऱ्या एका हार्मोनची तपासणी लावली. हा हार्मोन लहान मुलांत वृषणातूनच येतो, त्याला इंजेक्शन लागत नाही.

आकडा आला — भरपूर!

म्हणजे आहेत. आत आहेत. मग इंजेक्शनच फुकट गेलं. ते औषध पाण्यात कालवून एका बाटलीत ठेवतो, चार-पाच मुलांना पुरतं. फ्रिजमध्येच ठेवायचं, गरम झालं की कामातून जातं. धावत जाऊन तापमानाचं रजिस्टर उघडलं. चार अंश, चार अंश, चार. रविवारीसुद्धा चार.

रविवारी तर आम्ही बंद असतो.

तो चार मी सोमवारी लिहिते. रुजू झाले तेव्हाच काकांनी शिकवलं होतं — "रकाना रिकामा दिसला की तपासणीवाले डोकं खातात. सोमवारी काटा बघ, तोच मागे भर." सोमवारी काटा नेहमी चारावरच असायचा. रक्ताचा एक थेंब सांडला तर नवी नळी मागणारी मी, आणि हे भरताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

आमच्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. बाबा कुठलाही कागद माझ्यापुढे धरतात. मी वाचला, मी लिहिला की म्हणतात, "तू लिहिलंस ना? मग खरंच असणार."

७ मार्च, शुक्रवार

टोपीवाल्याचे आईवडील यायच्या आत मॅडमना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग, "आधी तो मुलगा. तुझं नंतर बघू."

नवी बाटली. पुन्हा रक्त, पुन्हा इंजेक्शन. वडील भडकले, "पोरगा आहे की सुयांची उशी?" आई नुसती माझ्याकडे बघत होती.

१० मार्च, सोमवार

नवी बाटली शुक्रवारीच वरच्या वॉर्डातल्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवली होती. आमच्या फ्रिजचा काटा सकाळी नऊला चारावर. रविवारचा रकाना रिकामा सोडला. काका बघत होते.

११ मार्च, मंगळवार

चढला! चांगला चढला. ऑपरेशन ठरलं. टोपीवाल्यानं आज टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली, जाताना परत मागायला आला.

मॅडम म्हणाल्या, "एखाद्या रविवारी वीज गेली असेल. आधीच्या तिघांना परत बोलावू, संपलं." नोकरी राहिली. काका म्हणाले, "सुटलीस. आता तरी जेव."

जेवले.

१२ मार्च, बुधवार

वीज कधी गेली होती ते सफाईवाल्या मावशींना विचारलं. त्या हसल्या.

"वीज कुठली गं बाई! फ्रिजचा प्लग मीच काढते. फरशी पुसायचं मशीन चार्जिंगला लावायला दुसरी जागा आहे का तिथे? शनिवारी संध्याकाळी काढते, सोमवारी सहाला आल्याआल्या लावते. तुम्ही येईपर्यंत होतो की गार."

"दर शनिवारी?"

"मशीन आलं तेव्हापासून. दीड वर्ष झालं असेल."

१३ मार्च, गुरुवार

जुनी रजिस्टरं काढली. सगळे रविवार चार. सगळे माझ्या अक्षरात.

"वाढ नाही" — दीड वर्षात एकोणीस मुलं. उरलेलं रक्त आम्ही तीन महिन्यांनी टाकून देतो.