पेटीच्या भोकावरचं कापड

आप्पा,

आज दुपारी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि स्पीकरची पेटी जोडायला घेतली. घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा स्वभाव तुमच्यावर गेलाय, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. हल्ली लाकडाच्या कापलेल्या फळ्यांचा गठ्ठा घरपोच येतो. कुठली फळी कुठे बसवायची याचे आकडे छापलेले असतात, आणि कडा इतक्या गुळगुळीत की हाताला कुसळसुद्धा लागत नाही. तरी गोंद लावल्यावर वरून वजन लागतंच. तुमची दुकानातली लोखंडी वजनं आता कुठली? गव्हाचा डबा आणि कुकर ठेवून भागवलंय. गोंद सुकेपर्यंत पेटीला हात लावता येत नाही, आणि हात रिकामा ठेवायची सवय तुम्ही मला लावलीच नाहीत. म्हणून हा कागद घेतला.

तुम्हाला आठवत असेल, मी बीडला आयटीआयला रेडिओ-टीव्हीचं शिकत होते. वर्गात पोरगी मी एकटीच. चौसाळ्याच्या आपल्या दुकानात तेव्हा शाम्पूच्या पुड्यांच्या माळा नुकत्याच लटकायला लागल्या होत्या आणि निम्म्या गावाच्या पत्र्यांवरून केबलच्या काळ्या वायरी गेल्या होत्या. तुम्ही त्या माळांकडे पाहून म्हणायचात, दुकान हाय का लगीनघर. तुमचा आवाज मुळातच खालचा. सोमवारी महादेवाच्या देवळात भजन सुरू झालं की बाकीचे लोक वर वर चढत जायचे, आणि तुम्ही खाली उतरायचात, आडात पोहरा सोडावा तसे. लहानपणी मी तुमच्या मांडीवर बसलेली असले की गाणं माझ्या पाठीला आधी लागायचं आणि कानाला मग.

मग घशात गाठ निघाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं कपाळाला भस्म लावून दुकान उघडलंत. त्या दुपारी मी दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून घेतल्या, घरचा टेप साखरेच्या पोत्यावर ठेवला आणि तुम्हाला गायला बसवलं. मृदंगाला देवळातले काका होते. तुम्ही नेहमीचं भजन म्हटलंत, डोळे मिटून, काही राखून न ठेवता. संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणालात, "झालं का माय? बंद कर आता." तेही टेपवर आलं. माझं बोट बटणावर जायला उशीर झाला होता.

आणि मग आपण ते ऐकलं. टेपच्या वाटीएवढ्या स्पीकरमधून कोणीतरी पातळ, नाकातल्या आवाजात गात होतं. "ह्यो कोण बे? ह्यो मी न्हाई," असं तुम्ही काकांना म्हणालात. काका हसले. मीही हसायला लागले, पण तुमचा चेहरा पाहून थांबले. तुम्ही टेपला हात लावलात आणि हळूच विचारलंत, "एवढंच ऱ्हाणार हाय का माय माझं?" आयुष्यात मी तुमच्या तोंडून भीतीचा एवढाच एक शब्द ऐकला. आयटीआयच्या सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, आवाज टेपमध्ये आहे, पण खालचा आवाज बाहेर काढायला मोठा वूफर लागतो आणि त्याला मापाची लाकडी पेटी लागते. हे मी घरी सांगेपर्यंत ऑपरेशनची तारीख आली होती.

तुम्ही परत आलात ते गळ्याच्या खळगीत एक भोक घेऊन, इष्टलिंगाच्या दोऱ्याच्या थोडं वर. श्वास तिथूनच. आई तुमच्या जुन्या धोतराचे चौकोनी तुकडे करायची, उकळून उन्हात वाळवायची आणि रोज नवा तुकडा त्या भोकावर बांधायची, म्हणजे धूळ आत जाऊ नये आणि हवा मात्र जावी. दुकानात तुम्ही बोलायचं काम तराजूवर सोपवलंत. पारड्यावर वजनाची एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि उधारी मागणाऱ्यासाठी नुसती नजर. गावाला आठवड्यात सवय झाली. मला झाली नाही. आधी संध्याकाळी बीडहून बसने उतरले की तुम्ही लांबूनच "आली का माय" म्हणायचात. आता मी दुकानापर्यंत चालत यायचे आणि तुम्ही मान हलवायचात.

तपासणीला औरंगाबादला गेलो तेव्हा रेडिओच्या सामानाच्या एका दुकानात मी तो गठ्ठा पाहिला. कापलेल्या फळ्या, स्क्रू, वूफरसाठी मोठं गोल भोक पाडलेली पुढची फळी, त्याच्या खाली आणखी एक लहान भोक आणि त्यात बसवायचा नळीचा तुकडा. मी तुम्हाला भीत भीत सांगितलं की याची पेटी केली तर तुमचा आवाज तुमच्यासारखा येईल. तुम्ही फळीवर बोटाने वाजवून पाहिलंत, नारळ पाहावा तसं. मग गठ्ठा उचललात आणि बसमध्ये चौसाळ्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाहीत.

ती पेटी आपण दुकानाच्या मागच्या खोलीत जोडली. मी गोंद लावते आहे, तुम्ही फळी काटकोनात धरली आहे, आई दारातून विचारते आहे की जेवणार कधी, आणि आपण दोघंही उत्तर देत नाही. तुम्हाला देता येत नाही आणि मला सुचत नाही. आतून लावायला कापूस हवा म्हटल्यावर आईने पाहुण्यांच्या गादीचा कोपरा उसवला, आणि नंतर महिनाभर मला ते ऐकवलं. मी एक स्क्रू वाकडा पिळला तर तुम्ही माझ्या मनगटावर टपली मारून तो काढायला लावलात. तेवढा तो एक शब्दावाचूनचा रागसुद्धा मला आता हवा आहे.

शेवटची फळी लावून मी सकाळी बीडला गेले, आणि संध्याकाळी येऊन पाहते तर तुम्ही माझी वाट पाहत पेटीशेजारी उभे. चेहऱ्यावर आनंद, पोराने अंगण सारवून ठेवावं आणि आईला दाखवावं तसा. खालच्या लहान भोकावर तुम्ही तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, चारी बाजूंनी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून पक्का बसवला होता. जन्मभर दुकानातलं प्रत्येक भोक तुम्ही असंच बुजवलं होतं. किराणा दुकानदाराच्या घरात उघडं भोक म्हणजे उंदराला आमंत्रण, आणि आत तर चांगला गादीचा कापूस. इतकं निगुतीने केलेलं काम पाहून मला तोंड उघडवेना. मी वायरी जोडल्या आणि कॅसेट लावली. आवाज आला, पहिल्यापेक्षा जाडही आला, पण कोंडलेला, घोंगडीखालून कोणी गावं तसा. तुमचा आनंद हळूहळू उतरत गेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग मला सांगावंच लागलं, "आप्पा, ते भोक हवेचं हाय. पेटी तिथनं श्वास घेती."

तुमचा हात आपसूक गळ्यापाशी गेला. धोतराच्या त्या तुकड्यावर तुम्ही बोटं ठेवलीत आणि तशीच राहू दिलीत. मग खाली बसून, पक्कड घेऊन, एकेक चूक स्वतःच्या हाताने उपटलीत. पत्रा निघाला आणि तुमचा आवाज खोलीत आला. जमिनीतून आला, पोत्यांतून आला, माझ्या पाठीला लागला. तुमचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी धावत आली, तुमच्या ओठांकडे पाहत राहिली, आणि मग तिचं लक्ष पेटीकडे गेलं. "मला वाटलं, ह्यांचा आवाज परत आला," एवढंच म्हणून ती उंबऱ्यावर बसली. तुम्ही माझा हात धरून त्या भोकासमोर नेलात. खालचा सूर लागला की आतून वारा येत होता. तो तुमचाच होता, माझ्या तळहाताला लागत होता.

उंदराचं काय करायचं, हा प्रश्न तरी राहिलाच. तुम्ही आईच्या डब्यातून उकळलेल्या धोतराचा एक तुकडा घेतलात आणि भोकावर ताणून बांधलात. हवा जाईल, उंदीर जाणार नाही. मग तेही आईच्या कामात धरलं गेलं. ती रोज तुमचं कापड बदलायची, आणि सोमवारी पेटीचं. तुम्ही गेल्यावर रोजचं काम सुटलं, सोमवारचं तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. धोतरं संपली तेव्हा स्वतःची लुगडी फाडली.

उंदीर कधीच आत गेला नाही आप्पा. वाळवी गेली. आई गेल्यावर घर उघडलं तेव्हा पेटी हाताला पिठासारखी लागली. कॅसेट मात्र कपाटात होती. मुलाने ती मोबाईलवर उतरवून दिली आणि म्हणाला, आता कधीही ऐक. मोबाईलमध्ये पुन्हा तोच पातळ माणूस गायला लागला. मी बंद केलं, आणि ही पेटी मागवली.

गोंद आता सुकला असेल. मागची फळी तेवढी राहिली आहे. हा कागद घडी करून आत कापसामागे ठेवावा असं मघाशी मनात आलं होतं, पण कागद आत खडखडतो आणि खालचा सूर बिघडतो. तुमचा सूर बिघडवून तुम्हाला पत्र कशाला द्यायचं. कागद माझ्याच खणात राहील. भोकावर लावायला आईच्या लुगड्याचा तुकडा उकळून वाळत घातला आहे.

एक सांगायचं राहिलं. घरात सगळ्यांना मी सांगितलंय की आप्पांचं भजन ऐकायला ही पेटी करते आहे. ते खोटं नाही. पण भजन मला पाठ आहे, ते मी डोळे मिटून कधीही ऐकू शकते. मला त्याच्या नंतरचं ऐकायचं आहे, बटण दाबायला उशीर झाला म्हणून टेपवर आलेलं. आई गेल्यापासून मला माय म्हणणारं कोणी राहिलेलं नाही.