निळ्या शर्टाचे तुकडे

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे! नवं गाव, नवं घर, नवी नोकरी. सकाळी डबा हातात देताना ही चक्क हसली आणि म्हणाली की उंदरांना माझा नमस्कार सांगा. वर्षभरात हिचं हसू इतकं दुर्मिळ झालंय की जिन्यात थांबून मी ते मनातल्या मनात परत एकदा ऐकलं.

काम झकास आहे. विद्यापीठातल्या सगळ्या विभागांची ही सामाईक प्रयोगशाळा. इथल्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, ही लॉन्ड्रीच समजा, उंदीर ज्याचे त्याचे, धुणं आपलं. कुणाचा उंदीर पळताना किती दमतो, झोपेत श्वास कसा घेतो, अनोळखी उंदराला बघून पुढे येतो की कोपऱ्यात दडतो, हे सगळं तपासून द्यायचं. बाई स्वतः हसत नाहीत, पण विनोद करतात. अशी माणसं मला आवडतात.

इथली एक गंमत सांगतो. नव्या माणसाच्या वासाने उंदीर बिथरतात. म्हणून नव्याने आपला अंगावरचा, न धुतलेला जुना कपडा आणायचा आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात त्याचा तुकडा टाकायचा. उंदीर त्यात झोपतात आणि आपण त्यांच्या घरचे होतो!

मंगळवार, ५

ही अंघोळीला गेली होती. कपाटात मागे माझा निळा शर्ट सापडला, पिशवीत बांधलेला, कॉलर मळकी. सामान हलवायच्या घाईत धुवायचा राहिला असणार. म्हटलं, वा, आयतंच काम झालं.

प्रयोगशाळेत बसून कापला. पिंजरे धुणारे काका म्हणाले, उंदरांना शिंपी मिळाला, आता त्यांच्या विजारींची मापंही घ्या. दिवसभर तेवढ्यावर हसत होतो.

शनिवार, ९

उंदीर माझ्या हातावर खुशाल बसतात. काका म्हणतात, एवढ्या लवकर कुणालाच जमलं नव्हतं.

आज तीन खणांची पेटी लावली. एका टोकाच्या जाळीत अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाची जाळी रिकामी. उंदीर सोडला की तो अनोळखी पाहुण्याकडे धावतो, असा सगळ्यांचा अनुभव. माझे सगळे रिकाम्या जाळीशी जाऊन बसले. पेटी पुसून काढली, जाळ्यांची अदलाबदल केली. तरी रिकामीच! बसतात तेही गप्प, मान वर करून. समोर कुणी बसलंय आणि त्याच्या तोंडाकडे बघताहेत, असे.

काहीतरी चुकतंय माझं. सोमवारी परत बघतो.

सोमवार, ११

घरी आलो तर कपाट उपसलेलं, आणि ही जमिनीवर बसलेली. पिशवी कुठाय, एवढंच विचारलं. मी हसत हसत उंदरांची गंमत सांगायला लागलो. मूर्ख, मूर्ख माणूस.

गेल्या वर्षी दवाखान्यात शेवटी शेवटी आमच्या चिमीला फार थंडी वाजायची. मी डॉक्टरांच्या मागे धावत असायचो. तेव्हा हिने माझा तो शर्ट तिच्या अंगाभोवती गुंडाळला होता. मला माहीतच नव्हतं. दर सोमवारी मी कामावर गेलो की ही पिशवीचं तोंड जरासं उघडायची आणि लगेच बांधायची, पोरीचा वास उडून जाऊ नये म्हणून. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, माझ्याकडे तेवढीच उरली होती हो.

आमची चिमी, पाच वर्षांची. चालताना, जेवताना, झोपताना माझी डावी करंगळी धरून असायची. मशीन बंद करायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी होकाराची मान हलवली, तेव्हाही धरलेली होती. नंतर नर्सने तिची बोटं एकेक करून सोडवली.

मंगळवार, १२

तुकडे आणायला गेलो. तुकडे कुठले! उंदरांनी धागा न् धागा पिंजून घरटी केलीत. एका घरट्यातला निळा कापूस नाकाशी धरला. वर उंदरांचा वास, आणि खाली — खाली चिमी. हमसून हमसून रडलो.

डोळे पुसून बघतो तर सगळ्या पिंजऱ्यांतले उंदीर माना वर करून बसलेले. माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी बघत होते, डाव्या हाताला, माझ्या कमरेच्या उंचीवर.

हिला थोडा कापूस नेऊन दिला. हिने हुंगला आणि म्हणाली, ती यात नाही, ती तिथेच राहिली.

गुरुवार, १४

उंदीर खात नाहीत. हाडं दिसायला लागलीत. एका मादीने नुकती जन्मलेली पिल्लं उघडी टाकली आणि मान वर करून बसली. पिल्लं गार पडली. मी उचलून तिच्यापुढे ठेवली, तिने बघितलंही नाही.

मॅडमच्या मते साथ आहे. हे पिंजरे उद्या संपवायचे, गॅसच्या पेटीत. ज्याच्याकडे जे पिंजरे, त्यानेच हे करायचं, ही इथली रीत.

हिला सांगितलं. हिने एकच विचारलं, तिला तिथे थंडी वाजते का. मग माझे पाय धरले. म्हणाली, या वेळी मान हलवू नका.

शुक्रवार, १५

पिंजरे पेटीत ठेवलेत. झाकण लावलं. फक्त नळ उघडायचा आहे.

उंदीर तडफडताहेत भुकेने. सोडवायला हवं त्यांना. कळतं मला. तेव्हाही कळलं होतं —

सगळे माझ्या डावीकडे बघताहेत.

करंगळी गार पडलीय. नाही — कुणीतरी धरलीय. लहान बोटं. ओळखतो मी. देवा, ओळखतो —

मॅडम दार वाजवताहेत. झालं का विचारताहेत. काका पण आहेत.

डावा हात हलवणार नाही. नळ उजव्याच हाताने उघडायचा. उजव्या हाताने मी लिहितोय. लिहितोय तोवर हात मोकळा नाही. म्हणून —

थंडी वाजते का गं? आई विचारत होती —

दार उघडलं. मॅडम थेट पेटीकडे — मी करते म्हणताहेत, तुम्ही राहू द्या —

घट्ट धर, चिमी. बाबाने मान हलवलेली नाही. बघ, बाबा अजून लिहितोय, अजून —