एका खणाच्या दोन कुंच्या

॥ श्री ॥
खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर
श्रावण वद्य दशमी, शके १८६०

चि. सौ. शरयूस,

तुझ्या थोरल्या जावेचे, राजलक्ष्मीचे, अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. ह्यांचा खोकला तसाच आहे, आणि औषध घ्या म्हटलं की चिडणंही तसंच. आपला जुना गडी उमाजी म्हातारा झालाय, पण कबूल करत नाही. हे पत्र आणि गौरींची पेटी घेऊन तोच येतो आहे. त्याला जेवायला वाढ, दात पडलेत, भाकरी दुधात कुस्करून दे.

तीन वर्षांनी तुझं कार्ड आलं. मुलगी झाली, चार महिन्यांची झाली, आणि आम्हाला आत्ता कळतंय! चांगली रागावणार होते मी. पण पुढच्या ओळी वाचल्या आणि राग तिथेच राहिला. यंदा गौरी उज्जैनला बसवते, दोन्ही मुखवटे आणि गौरींची दोन्ही बाळं पाठवा, तुम्हीही या, मुलगी तुमच्या मांडीवर द्यायची आहे, असं लिहिलंस. आणि खाली बारीक अक्षरात, 'भीती कुणालाही वाटते, वहिनी. तुम्ही पळालात ते मी मनातून काढून टाकलं.'

शरयू, मी पळाले नव्हते गं. पळाले असते तर बरं झालं असतं. तू माफ केलंस ते दुसऱ्याच कशाला तरी, आणि ती माफी पदरात घेऊन तुझी मुलगी मांडीवर घ्यायची मला छाती नाही. म्हणून आधी हे वाच. भावोजी कचेरीतून आले की त्यांनाही दाखव.

गेल्या चैत्रात मी नया बाजारातल्या लक्ष्मीकांत डॉक्टरांकडे गेले होते. मला वाटायचं, हृदयाचा विकार जडला. समई लावायला काडी ओढली की काळीज धडधडायला लागतं, तोंडाला कोरड पडते, तळवे घामाने ओले होतात. तीन वर्षं झाली, घरात समई हे लावतात. बाईमाणूस असून दिवा लावत नाही म्हणून इंदुताई येता-जाता बोलतात ते निराळंच. डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं आणि म्हणाले, "तबियत ठणठणीत आहे. हे जुनं भय आहे. कधी आगीत सापडला होतात का?"

मी हो म्हटलं. बाकी काही सांगितलं नाही.

त्यांनी मग मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान गाठी असतात म्हणे. माणूस घाबरला की त्या रक्तात एक रस सोडतात. काळीज जोरात धावतं, रक्त हातापायांत जातं, चार माणसांचं बळ येतं. पण बोटांची बारीक समज जाते, कान बंद होतात, नजर एकाच जागी खिळते. भाजलेलंही कळत नाही. जीव वाचवायला देवाने केलेली सोय आहे, असं म्हणाले. मी ऐकत होते आणि पदराखाली माझ्या उजव्या तळव्यावरचा डाग चोळत होते.

आठवतं का, त्या आठवड्यात तू स्वतःचं दुःख बाजूला ठेवून माझ्या हाताला कोरफड लावायचीस. एकदा विचारलंस, "पळालात, तर हात कुठे भाजला?" मी म्हटलं, दाराच्या कडीला. खोटं होतं ते.

आता त्या दिवसाचं लिहिते.

गौरीजेवणाचा दिवस. पंगती उठल्या होत्या. तुझा नाना सात महिन्यांचा. सासऱ्यांचं नाव ठेवलेलं, म्हणून नावाने हाक कुणी मारायचं नाही, एवढासा जीव आणि सगळ्यांचा नाना! तू त्याला गौरींपुढे गोधडीवर निजवलंस, धाकट्या गौरीच्या बाळाशेजारी. दोघांच्या अंगात हिरव्या खणाची कुंची. एकाच खणाच्या दोन मीच शिवल्या होत्या, हौसेने. सगळ्यांनी कौतुक केलं, की दोन भाऊच दिसताहेत. तुला इंदुताईंकडे कुंकवाला जायचं होतं. मी म्हटलं, "जा गं, मी आहे ना."

मी मागे भांडी आवरत होते. धुराचा वास आला तोवर समईने मखराचा कागद पेटून पडद्यांनीही पेट घेतला होता. मी आत गेले, शरयू. हे ऐक. मी आत गेले. कान असे बंद झाले की काही ऐकू येईना. खोली दिसेना, गौरी दिसेनात, फक्त एक हिरवी कुंची दिसली, कोणीतरी नळीतून दाखवावी तशी. मी ती उचलली, छातीशी आवळली आणि बाहेर आले. वजन होतं. सासूबाईंच्या रीतीने गौरीच्या बाळाच्या पोटात गहू भरलेले असतात, तुला ठाऊक आहे. आणि त्या बाळाचा पितळेचा मुखवटा माझ्या तळहातावर होता, तापलेला. मला काहीसुद्धा कळलं नाही.

इथपर्यंत डॉक्टरांचा रस. पण पुढे?

माझ्या आवाजाची तुम्ही किती थट्टा करायचात! वहिनींनी खासगी बाजारात हाक मारली की गोरखीतल्या शाळेत पोरं उठून उभी राहतात, असं भावोजी म्हणायचे. त्या आवाजात मी अंगणात ओरडले, "आणला! नानाला आणला!"

उमाजी डोक्यावर ओलं पोतं घेऊन उंबऱ्यावर होता. एक पाय आत होता त्याचा. तो माझ्या ओरडण्याने थांबला. मागे हे होते, तेही थांबले. "चला, बच्चा निघाला," म्हणत बाकी सगळे विहिरीकडे धावले.

विडा लावायला जितका वेळ लागतो तितका गेला असेल. माझे हात उघडेनात. उमाजीने बोटं एकेक करून सोडवली, कुंची मागे सारली, आणि म्हणाला, "वहिनीसाब, ये तो गौरीचं आहे."

मग तो गेला आत. नानाच्या अंगाला आग लागलेली नव्हती. धूर पुरला त्याला.

मी ओरडले नसते, तर उमाजी तेव्हाच आत होता.

हे म्हणाले, तिला सांगू नकोस, ती सहन करणार नाही. विहिरीवरच्यांना गप्प बसवलं, उमाजीला शपथ घातली. तुला सांगितलं गेलं, की वहिनी घाबरून मागच्या दाराने बाहेर आल्या आणि मग कुणाला आत शिरता आलं नाही. भावोजींनी बदली मागून घेतली, तुम्ही निघालात तेव्हा टांग्यात बसताना तू म्हणालीस, "तुम्ही पळालात, वहिनी." मी मान खाली घातली. भित्री म्हणवून घेणं सोपं वाटलं. भित्रीला लोक विसरतात तरी.

मला स्वतःची किळस येते शरयू, की मी तुला तीन वर्षं खोट्यावर रडू दिलं. डॉक्टर म्हणतात, शरीराचा धर्म आहे, दोष कुणाचा नाही. उचललं ते शरीराने, मानते मी. पण कुंची मागे सारून तोंड बघितलं नाही, तशीच ओरडले, ती मीच ना? आता मी हळू बोलते. बायका म्हणतात, वयाने मवाळ झाली.

पेटीत दोन मुखवटे आहेत, लुगडी आहेत, थोरल्या गौरीचं बाळ आहे. धाकटीचं बाळ सर्वांत खाली, जुन्या धोतरात बांधलंय. मी ते धुतलं नाही, दुरुस्त केलं नाही, कुंचीसुद्धा काढली नाही. कडा करपलेली आहे. ते मांडायचं की क्षिप्रेत सोडायचं, हे ठरवायचा हक्क तुझा एकटीचा.

उमाजीला मी शपथेतून मोकळं केलंय. काय विचारायचं ते त्याला विचार, तो खोटं सांगणार नाही. तो एक दिवस राहील. तू काही लिहू नकोस. मी यावं असं वाटलं तर तुझ्या मुलीचं एखादं जुनं टोपडं त्याच्याजवळ दे, मी समजेन. तो रिकाम्या हाताने आला तरी समजेन, आणि तुला एका शब्दाने बोल लावणार नाही.

मुलीचं नाव तू कार्डात लिहिलं नाहीस. तिला आशीर्वाद लिहायची रीत आहे. माझा चालत असेल तर तिच्या कानात सांग, हळूच.

'आणला' म्हणून ओरडलेली,
राजलक्ष्मी