जुईचं लाल कार्ड

३ फेब्रु.
...पण मग दोष चकलीचा नाहीच ना! काल माझ्या थेरपी ट्रेनिंगच्या मॅमशी फोनवर तेच बोलत होते, मेट्रो आली आणि अर्धवट राहिलं. दोन आठवडे जुईच्या घरी बसून मी तीन रकाने भरतेय. आधी काय झालं, तिनं काय केलं, नंतर काय झालं. सगळे म्हणत होते, पोरगी चकलीसाठी ओरडते, कारण ओरडली की आज्जी चकली देतात. रकाने भलतंच सांगतायत. कंगवा काढला, ओरडली, कंगवा बाजूला. मणी ओवायला काढले, ओरडली, मणी बाजूला. चकली नुसती वरून बोनस. तिला सुटका हवी असते!!
शोध लावल्यासारखं वाटतंय. मॅम म्हणाल्या, "शोध नाही, चॅप्टर चार आहे."

४ फेब्रु.
मॅमचा प्लॅन: ओरडणं नुसतं बंद करायला जायचं नाही. त्याच कामाचं दुसरं काहीतरी तिच्या हातात द्यायचं. जुई सहा वर्षांची, बोलत जवळजवळ नाही. म्हणून कार्ड. लाल, लॅमिनेट केलेलं, त्यावर आडवा हात आणि खाली 'नको'. कार्ड दिलं की काम थांबणार. लगेच.
जुईची आई (मी अक्का म्हणते, इथे बंगळूरच्या जयनगरात सगळेच म्हणतात) सारखी जूनचं बोलते. घराजवळची शाळा म्हणालीये, बसू शकली तर घेऊ. एप्रिलच्या सुरुवातीला भेटायला बोलावलंय.
म्हणजे दोन महिने.

७ फेब्रु.
कार्डचा पहिला दिवस. कंगवा दिसला, तोंड उघडायच्या आत मी तिचा हात धरून कार्ड उचलवलं, अक्काच्या हातात दिलं. कंगवा गायब, एक मिनिट सुट्टी. मग परत. सोळा वेळा.
ओरडणं मोजायला बोटात घालायचं काउंटर घेतलंय, पूजेच्या दुकानातून. आज्जी बराच वेळ बघत होत्या. मग अक्काला हळूच, "पोरगी चांगल्या घरची आहे हो. काम करता करता नामजप चालू असतो."
मान मिळतोय तर मिळू दे.

१४ फेब्रु.
आधी हात धरत होते, मग नुसतं मनगट, मग कोपराला टेकवलेलं बोट. आज मी काहीच केलं नाही. तिनं कंगव्याकडे पाहिलं, कार्ड उचललं, अक्काला दिलं.
स्वतः!!!
अक्का कंगवा हातात धरून तशीच बसली. मला म्हणाली, "सहा वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी सांगितलं गं तिनं."
घरी आल्यावर दादाला सांगितलं तर म्हणतो, "म्हणजे तू तिला नाही म्हणायला शिकवलंस. ते तर सगळ्यांना येतं." व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधून आलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२५ फेब्रु.
ग्राफ खाली खाली खाली. आज ओरडणं शून्य! अक्कानं ग्राफचा फोटो काढून शाळेच्या बाईंना पाठवला. मला बिसी बेळे भात, वर तूप. आज्जी: "अजून स्वल्प घे. बारीक झालीस जप करून."

२८ फेब्रु.
मॅम आल्या होत्या सेशन बघायला. मी ग्राफ पुढे केला. त्यांनी तो पाहिलाच नाही. म्हणाल्या, "कंगवा कुठंय?"
"कपाटात."
"कधीपासून?"
आठवेना. रकाने उलटून पाहिले. १९ तारखेपासून कंगवा नाही. २१ पासून मणी नाहीत. मी ठरवून नाही केलं, शप्पत. ती चिडेल असं वाटलं की मी चित्रांचं पुस्तक काढायचे, एवढंच.
मॅम हसायला लागल्या. "तू काम काढलंस की ती ओरडते, तू काम बाजूला ठेवलंस की शांतता. शांतता तुला आवडली. तू परत परत ठेवलंस. अगं, तिनं तुला ट्रेन केलंय. आणि तुझ्यापेक्षा कमी सेशनमध्ये."
हसले मीसुद्धा. मग बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. ओरडायला काही कारणच नव्हतं, म्हणून शून्य. ग्राफ माझा होता, तिचा नव्हताच.
आता अक्काला सांगायचं. मॅम म्हणाल्या, तूच सांग.

३ मार्च
सांगितलं. अक्कानं फोनमधला तो ग्राफचा फोटो परत उघडला. मग, "स्वल्प आधी कळलं असतं तर मी बाईंना पाठवला नसता." तिनं लगेच शाळेत फोन केला, खरं काय ते सांगितलं. माझं नावसुद्धा घेतलं नाही. माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
नव्यानं सुरू. कंगवा दोनदा फिरवायचा, मध्येच कार्ड आलं तर सरी, म्हणजे ठीक, थांबायचं. दोनदा जमलं की तीनदा, मग चारदा.

१२ मार्च
दहा वेळा कंगवा फिरला! एका बाजूची वेणी पूर्ण, दुसरी तशीच मोकळी. दिवसभर तशीच हिंडली. ओरडणं दोनदा. हे दोन मला त्या शून्यापेक्षा आवडलेत.

१६ मार्च
कार्ड आता सगळीकडे. तिसरा दोसा वाढला तर आज्जीच्या हातात कार्ड. आज्जी: "मला? अगं मला?" दोसा काढून घेतला पण. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आमच्या जुईनं मला नको म्हटलं. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

२३ मार्च
चिकपेटेतल्या साडीच्या दुकानातून जुईचे मोठे काका आले, घरात सगळे अण्णा म्हणतात. येतात ते जुईचे गाल ओढतच. आज तिनं त्यांना कार्ड दिलं.
अण्णा खूश. "विझिटिंग कार्ड दिलं बघा पोरीनं!" सगळे हसले. मीसुद्धा. आणि अण्णांनी परत गाल ओढले.
मग जी ओरडली. फेब्रुवारीसारखी. कार्ड सोफ्याखाली फेकलं.
तिचं काय चुकलं? तिनं शिकवल्यासारखंच केलं. त्या क्षणी आमच्यातल्या एकानंही अण्णांचा हात धरला नाही. मी तर कार्ड शिकवणारी!
ते जाताना मी अण्णांना जिन्यात गाठलं, समजावलं. ते गंभीर झाले. "म्हणजे पोरगी खरंच सांगत होती? मला वाटलं खेळ आहे." परत वर आले, सोफ्याखालून कार्ड काढलं, तिच्यासमोर ठेवलं, लांब बसले. तिनं घेतलं नाही. पण बघत होती.

१ एप्रिल
उद्या सकाळी शाळा. अण्णांच्या त्या दिवसानंतर कार्ड परत जमायला पाच दिवस लागले. आता जमलंय.
अक्का म्हणते, उद्या कार्ड नेऊच नये. "बाई म्हणतील बस, ही पहिलंच काय करेल, लाल कार्ड देईल. त्यांना वाटेल हट्टी आहे. ॲडमिशन गेली." खरं आहे, देईल. शाळेच्या दोन खोल्या बघेपर्यंत सगळ्यांना देऊन होईल तिचं.
आज्जी म्हणतात, "तोंड आहे तिचं ते. तोंड घरी ठेवून शाळेत जातात?"
मॅम म्हणाल्या, 'थोडं थांब' हे शिकवता येतं, पण एका रात्रीत नाही. निर्णय आईबाबांचा.
आणि अक्का परत मलाच विचारते. आत्ताच मेसेज आला: "तू सांग. दप्तरात ठेवू का काढून ठेवू?"
नेलं तर शाळा जाऊ शकते. नाही नेलं तर तिच्याकडे फक्त ओरडणं उरतं, आणि तरीही शाळा जाऊ शकते. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं.
तुम्ही असतात तर अक्काला काय लिहिलं असतंत?